लिहून ठेवणे

मराठी क्रियापदांचा संसार मोठा गमतीचा आहे. 'लिहिणे' हे एकटे क्रियापद तसे साधेभोळे. पण त्याच्या पाठीशी दुसरे एखादे क्रियापद येऊन उभे राहिले, की त्याचा रुबाबच बदलतो. 'लिहिले' म्हणजे हात चालवला, एवढेच. 'लिहून दिले' म्हणजे ते आपल्या हातातून सुटले आणि दुसऱ्याच्या ताब्यात गेले. आणि 'लिहून ठेवले' म्हणजे आता आपण विसरलो, झोपी गेलो, फार काय, या जगातून उठून गेलो, तरी ते राहील. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. संयुक्त क्रियापद कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये यावर पंडितांचे एकमत मात्र अजूनही झालेले नाही. मी दर वर्षी वर्गात तो वाद इमानेइतबारे शिकवतो. परंतु 'लिहून देणे' आणि 'लिहून ठेवणे' यांच्यामधली दरी किती रुंद आहे, हे मला कळले ते व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे. ते मला शिकवले संगणकाच्या 'सी' नावाच्या भाषेने!

मराठीच्या मास्तराने या परमुलखात पाऊल टाकावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण कारण घरचेच होते. माझी आई मुळशी खोऱ्यातली. पुण्यात येऊन तिला पन्नास वर्षे झाली, तरी आकाशात ढग दाटले की तिच्या तोंडी भातशेतीचे शब्द येतात. खाचर, राब, आवण, इरले, उडवी, कणगी. यांतले काही कोशात सापडतात, काही सापडत नाहीत, आणि जे सापडतात त्यांना आई जी छटा देते ती कोशात नसते. अलीकडे तिची आठवण मधूनच दगा देऊ लागली आहे. आज सांगितलेला शब्द उद्या तिला अनोळखी वाटतो. म्हणून गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही ठरवले, की आईने सांगावे आणि आपण टिपून घ्यावे.

माझा पुतण्या अभियांत्रिकी शिकतो. त्या सहामाहीत त्याला सी भाषा होती. अप्पा बळवंत चौकातून आणलेले नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' त्याच्या उशाशी असे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या या पुस्तकावर शिकल्या आहेत. तो म्हणाला, "काका, वही कशाला? मी प्रोग्राम लिहितो." आणि त्याने लिहिलाही. तो प्रोग्राम शब्द विचारी, अर्थ विचारी, नोंद फाइलीत टाकी आणि पडद्यावर 'नोंद झाली' असे नम्रपणे सांगे. एका संध्याकाळी आई रंगात आली होती. तिने एकामागून एक एकशेवीस शब्द सांगितले. एकशेएकविसावा शब्द 'इर्जिक'. गावच्या लोकांनी आपापले बैल घेऊन एकाच्या शेतावर जमायचे, दिवसभर राबायचे, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचे. आईने तो अर्थ जरा लांबण लावून सांगितला, पुतण्याने तो टंकला, आणि प्रोग्राम कोसळला.

फाइल उघडून पाहिली तेव्हा तीत त्र्याण्णव नोंदी पुऱ्या होत्या. चौऱ्याण्णवावी अर्ध्यातच तुटली होती. शेवटच्या अक्षराच्या जागी एक काळा चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्ह. पुढच्या सव्वीस नोंदींचा मागमूस नाही. पडद्यावर मात्र एकशेवीस वेळा 'नोंद झाली' असे आलेले आम्ही तिघांनी पाहिले होते. आईने विचारले, "अरे, मी सांगितलं, त्यानं 'झालं' म्हटलं. मग गेलं कुठं?"

प्रश्न अगदी सरळ होता. उत्तर मिळवायला मला आणि पुतण्याला तीन रात्री लागल्या. ते उत्तर मला इतके आवडले, की वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

पूर्वी कचेरीच्या आवारात झाडाखाली अर्जनवीस बसत. (फडणवीस, चिटणवीस यांच्यातला हा जो 'नवीस' आहे, तो फार्सीतला लिहिणारा.) खेडवळ माणूस येई, आपले गाऱ्हाणे आपल्या बोलीत सांगे. अर्जनवीस ते सरकारी मायन्यात बसवी, रकाने भरी, आणि कागद घेऊन खिडकीशी जाई. हुकूम मात्र खिडकीच्या आत बसलेल्या अंमलदाराचा. अर्जनवीसाची शैली कितीही झोकदार असली, तरी त्याच्या लेखणीने सात-बाऱ्यावरचे एक अक्षरही बदलत नसे. सी भाषेतल्या लायब्ररीची फंक्शने म्हणजे हे अर्जनवीस, आणि ऑपरेटिंग सिस्टिम ही कचेरी. तिच्या अंतर्भागाला 'कर्नेल' म्हणतात. कर्नेल म्हणजे गाभा. आमच्या मराठीत गाभ्याचाच गाभारा होतो, आणि तिथे वाटेल त्याला प्रवेश नसतो, हे किती यथार्थ आहे!

हे सोवळे नुसते रिवाजाचे नाही, ते यंत्राच्या प्रोसेसरमध्येच कोरलेले आहे. साधा प्रोग्राम चालू असताना प्रोसेसर एका खालच्या पायरीवर असतो. त्या पायरीवरून डिस्कला, पडद्याला वा कळफलकाला हात लावता येत नाही. लावू गेलात, तर प्रोसेसरच तुम्हाला अडवतो. जुन्या डॉसच्या काळी हा पहारा नव्हता. त्या काळचा प्रोग्राम पडद्याच्या स्मृतीत थेट अक्षरे मांडू शकत असे. पण ज्या वाड्याला देवडी नाही, त्या वाड्यात एका आगंतुकाने घातलेला गोंधळ साऱ्यांनाच भोवतो. एक प्रोग्राम बिघडला की सारे यंत्र ठप्प होई.

आता 'प्रिंटएफ' या सुप्रसिद्ध फंक्शनचे काय होते ते पाहा. 'प्रिंटएफ' हे अस्सल अर्जनवीस. तुम्ही दिलेला आकडा घ्यायचा, त्याची अक्षरे करायची, ती वाक्यात योग्य जागी बसवायची, ही सारी कारागिरी ते झाडाखाली बसूनच करते. त्यासाठी कचेरीत जावे लागत नाही. तयार झालेला मजकूर ते आपल्याजवळच्या एका पेटीत टाकते. या पेटीला 'बफर' म्हणतात. वेळ आली की ते पेटीतला मजकूर 'राइट' नावाच्या दुसऱ्या फंक्शनकडे सोपवते. हे 'राइट' फार मितभाषी. ते फक्त नमुना भरते. इंटेल जातीच्या चौसष्ट बिटांच्या यंत्रावर लिनक्स चालत असेल, तर एका ठरलेल्या कप्प्यात १ हा आकडा घालायचा, कारण लिहिण्याच्या अर्जाचा तिथला क्रमांक १ आहे. वाचण्याच्या अर्जाचा क्रमांक शून्य. मग दुसऱ्या तीन कप्प्यांत कोणत्या खिडकीवर लिहायचे, मजकूर स्मृतीत कुठे आहे आणि तो किती बाइटांचा आहे हे घालायचे. एवढे झाले की 'सिस्कॉल' ही एकच आज्ञा.

त्या आज्ञेसरशी प्रोसेसर वरच्या पायरीवर चढतो आणि थेट कर्नेलने आधीच नेमून दिलेल्या एका जागी जाऊन उभा राहतो. प्रोग्रामला आत शिरता येते ते या एकाच दारातून, आणि आत गेल्यावर कुठे जायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. आत कर्नेल क्रमांक पाहतो, खिडकी खरोखर याच्या नावावर उघडलेली आहे की नाही हे तपासतो, मजकुराचा पत्ता याच्याच हद्दीतला आहे ना याची खात्री करतो, आणि मगच काम करतो. परत येताना तो एक आकडा देतो. काम झाले असेल तर किती बाइट घेतले तो, आणि झाले नसेल तर एक उणे आकडा. उणे अठ्ठावीस म्हणजे डिस्कवर जागा नाही. उणे तेरा म्हणजे परवानगी नाही. दारातून बाहेर आल्यावर 'राइट' हा रूक्ष जबाब जरा सौम्य करते. तुम्हाला नुसते उणे एक कळवते आणि खरे कारण 'एर्‌नो' नावाच्या जागी लिहून ठेवते, पाहायचे तर पाहा म्हणून. बहुतेक प्रोग्राम लिहिणारे ते पाहत नाहीत. पेठेतल्या एखाद्या दुकानदाराची पाटी जशी आपण पाहूनही वाचत नाही, तसे!

सगळेच अर्जनवीस कचेरीत जातात असे मात्र नाही. शब्दाची लांबी मोजणारे 'स्ट्रलेन' किंवा वर्गमूळ काढणारे 'स्क्वेअररूट' कधीच खिडकीशी जात नाहीत. त्यांचे काम स्वतःच्या ओसरीवरच उरकते. स्मृतीची जागा मागून आणणारे 'मॅलॉक' हे तर हुशार गृहिणीसारखे. ते भुसार बाजारातून एकदाच पोते आणते आणि घरच्यांना लागेल तसे पायलीपायलीने देते. पोते संपले तरच पुन्हा बाजार. ही विभागणी फार जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून 'युनिक्स' उभारली. तिची पहिली छापील पोथी १९७१ ची. तिच्या दुसऱ्या भागात कचेरीचे अर्ज होते, तिसऱ्या भागात लायब्ररीची फंक्शने. १९७३ साली रिचींच्या सी भाषेत युनिक्स नव्याने लिहिली गेली. आजही लिनक्सच्या पोथीत 'राइट'पुढे कंसात २ असतो आणि 'प्रिंटएफ'पुढे ३. कोण आतले आणि कोण झाडाखालचे, हे त्या एका आकड्यावरून ओळखावे.

एवढे कळल्यावर आमच्या चोरीचा तपास सोपा झाला. अर्जनवीस प्रत्येक ओळीमागे कचेरीत का जात नाही? कारण ती पायरी चढणे-उतरणे महागाचे आहे. स्वतःच्या ओसरीवर काम करण्याच्या मानाने त्या खेपेला कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणून तो पेटी भरेपर्यंत थांबतो. पण समोर माणूस पडद्याकडे डोळे लावून बसला असेल, तर त्याला ताटकळत ठेवणे बरे नव्हे. म्हणून पडद्याकडे जाणारा मजकूर ओळ संपली की लगेच पाठवायचा, आणि फाइलीकडे जाणारा पेटी गच्च भरली की मगच, अशी रीत आहे. आमच्या यंत्रावर फाइलीची पेटी ४०९६ बाइटांची होती. आमच्या तुटक्या फाइलीची लांबी पाहिली, तर बरोबर १२२८८. म्हणजे तीन पेट्या, एक बाइट कमी नाही की जास्त नाही! चौथी पेटी अर्जनवीसाच्या मांडीवरच होती, आणि प्रोग्राम कोसळला तेव्हा त्याच्यासकट गेली. प्रोग्राम रीतसर संपला असता, तर जाता जाता लायब्ररीने ती रिकामी केली असती. पण अपमृत्यू आलेल्याला निरवानिरव करायला कुठली सवड?

'स्ट्रेस' नावाचे एक साधन आहे. ते कचेरीच्या दाराशी बसून प्रत्येक अर्जाची नोंद घेते. पुतण्याने वाचलेल्या त्र्याण्णव नोंदी पुन्हा भरल्या आणि हा पहारेकरी बसवला. पडद्याच्या खिडकीवर ओळीगणिक हेलपाटे. फाइलीच्या खिडकीवर मात्र सगळ्या वेळात तीनच खेपा. पहिल्या दोन ४०९६ बाइटांच्या, आणि तिसरी, प्रोग्राम नीट संपताना, उरल्यासुरल्याची. एकशेवीस वेळा आलेले 'नोंद झाली' आणि तीन खेपा! दोन्ही खरे होते. 'प्रिंटएफ' आणि त्याचा फाइलीतला भाऊ 'एफप्रिंटएफ' यांनी 'लिहिले' एवढेच कबूल केले होते. 'लिहून दिले' असे ते कधीच म्हणाले नव्हते.

आणि ते तुटलेले अक्षर? तिथे तर मला माझाच विषय भेटला. 'नमस्कार' हा शब्द तुम्ही-आम्ही चार अक्षरांचा मोजू. 'स्ट्रलेन'ला विचारा, ते एकवीस सांगेल. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हे, आणि 'यूटीएफ-८' या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. पेटी ४०९६ ला भरली की अर्जनवीस तिथेच कापतो. चिन्ह अर्धे राहते की पुरे, याची त्याला पर्वा नाही. त्याला बाइट कळतात, अक्षरे कळत नाहीत. प्रोग्राम कोसळला तोही याच हिशेबाने. पुतण्याने अर्थासाठी दोनशे बाइटांची जागा ठेवली होती आणि तिच्यात दोनशे अक्षरे मावतील असे धरले होते. देवनागरीची त्यात सहासष्टच चिन्हे मावतात. 'इर्जिक'साठी आख्खा गाव जमला, तो तिथे कसा मावणार? आमच्या पुण्यात सी-डॅक ही संस्था १९८८ साली निघाली. 'जिस्ट' तंत्राने तिने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. त्यामागची 'इस्की' ही वर्णसंहिता १९९१ साली भारतीय मानक झाली. तीत देवनागरीच्या बहुतेक चिन्हांना एकच बाइट लागे. पुढे साऱ्या जगाची एकच संहिता म्हणून युनिकोड आले. त्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावरून बेतलेला आहे. त्या युनिकोडसाठी यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ साली रचली ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी. म्हणजे ज्याने कचेरी बांधली, त्यानेच आमच्या 'न'ला तीन घरे दिली. जग लहान आहे म्हणतात ते खोटे नाही.

उपाय ओळीभराचा होता. प्रत्येक नोंदीनंतर 'एफफ्लश' म्हणायचे, म्हणजे 'अर्जनवीसबुवा, पेटी भरो न भरो, आत्ताच्या आत्ता खिडकीशी जा'. पण तपासात याहूनही एक गंभीर गोष्ट हाती लागली. खिडकीतून कागद आत गेला म्हणजे तो दप्तरात लागला असे नाही! कर्नेलही मजकूर आधी आपल्या स्मृतीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. तोही बिचारा खेपा वाचवत असतो. प्रोग्राम मेला तरी हा मजकूर सुरक्षित राहतो. पण वीज गेली, तर तोही गेला. त्यासाठी 'एफसिंक' हा निराळाच अर्ज आहे. मजकूर डिस्कवर पोचल्याचा निर्वाळा मिळेपर्यंत तो परतत नाही. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब उमटवीत. त्याशिवाय पत्र पुरे झाले असे कोणी मानीत नसे. पुण्यातच पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. त्यांतल्या कारकुनांना जे ठाऊक होते, तेच या यंत्राला पुन्हा शिकावे लागले. लिहिणे वेगळे आणि शिक्कामोर्तब वेगळे.

आईच्या त्या सव्वीस शब्दांपैकी एकोणीस पुढल्या पंधरा दिवसांत परत आले. कधी ताक घुसळताना, कधी दुपारी पडल्या पडल्या. प्रत्येक वेळी पुतण्या धावत जाऊन ते टिपून घेई. सात आलेच नाहीत. 'उडवीच्या नंतर मी काहीतरी सांगितलं होतं रे' एवढे ती म्हणते, आणि थांबते. ते शब्द कोणते हे आता कुणालाच सांगता यायचे नाही. कारण ज्या तिघांनी ते ऐकले, त्यांतल्या दोघांनी 'यंत्राने घेतले' म्हणून ते मनात धरले नाहीत, आणि तिसरीच्या मनाची पेटी आता फार वेळ काही धरून ठेवत नाही.

पुतण्या मात्र त्या दिवसापासून सावध झाला. अजून तो कोणत्याही फंक्शनच्या 'झाले'वर विसंबत नाही. पोथीत बघतो, दोन आहे की तीन. परत आलेला आकडा तपासतो. उणे आला, तर 'एर्‌नो' वाचतो. त्याच्या गुरुजींनी हे सारे शिकवलेच असणार. पण परीक्षेच्या उत्तराला मोल पाच गुणांचे, आणि या उत्तराला सात शब्दांचे.

मला यातून यंत्राचा राग आला नाही. उलट त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुकच वाटले. झाडाखालचा असो, खिडकीतला असो की दप्तरखान्यातला, तो आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. 'घेतले का?' म्हणून विचारा, तो 'घेतले' म्हणतो. 'पोचले का?' हा प्रश्न वेगळा, तो वेगळाच विचारावा लागतो. आपणच तिन्ही प्रश्नांना एका शब्दात गुंडाळतो आणि 'लिहिले' म्हणून निश्चिंत होतो. घराघरांतून म्हाताऱ्या माणसांचे बोलणे आज मोबाइलवर मुद्रित होते आहे, छायाचित्रे निघत आहेत, आठवणी टंकल्या जात आहेत. फार चांगली गोष्ट आहे. फक्त प्रत्येकाने एवढे पाहावे, की आपले काम या तीन क्रियापदांपैकी कोणत्या पायरीवर थांबले आहे. लिहिणे हे हाताचे काम, लिहून देणे हे विश्वासाचे. लिहून ठेवण्यासाठी मात्र शेवटच्या दारापर्यंत स्वतः जावे लागते, आणि आतून होकार येईतो तिथे उभे राहावे लागते.